यादी आधी, कूपन मग

लाज कसली गं त्यात? काउंटरवर कूपन पुढे केलं की मागच्या बाईला वाटेल हिच्याकडे पैसे नाहीत, ही धास्ती आधी डोक्यातून काढून टाक. न्यू जर्सीत एडिसनला नवं घर लावलंस, तुझ्या कामाच्या परवान्याचं घोंगडं अजून भिजत पडलंय, दोघांचा संसार एका पगारावर चाललाय आणि त्यातला मोठा घास घरभाडंच खातंय. अशा वेळी महिन्याच्या किराण्यातून चाळीस-पन्नास डॉलर सुटले तर कुणाला नको आहेत? आणि इथे कूपनं दाखवणाऱ्या बायका कसल्या कसल्या गाड्यांतून उतरतात ते पाहिलंस तर तोंडात बोट घालशील.

आपल्या आईला मंडईत पाहिलंयस ना? भाजीवालीनं सांगितलेल्या पहिल्या भावाला तिनं कधी मान डोलावली नाही. दोन पावलं पुढे जायची, मागून हाक आली की वळायची, वर कोथिंबिरीची काडी मागून घ्यायची. इथे काउंटरवरच्या मुलीशी तू भाव करू शकत नाहीस, तिच्या हातात काहीच नसतं. पण भाव पाडून घ्यायची सोय कंपन्यांनीच करून ठेवलीय. कूपन ही इथली छापील घासाघीस आहे. असं धरलंस की संकोच आपोआप गळून पडेल.

कंपन्या असं का करतात, तेही समजून घे, कारण त्यातच सगळी मेख आहे. साबण बनवणाऱ्याला सगळ्यांसाठी भाव उतरवायचा नसतो. जो पूर्ण पैसे मोजायला तयार आहे, त्याच्याकडून ते त्याला हवेच असतात. पण जी बाई भाव बघून हात मागे घेते, तिलाही त्याला सोडायचं नसतं. मग तो म्हणतो, जो एवढा खटाटोप करेल त्याला स्वस्त देऊ. ही युक्ती जुनी आहे. १८८० च्या दशकाच्या अखेरीस अटलांटात कोका-कोलाचा पेला फुकट मिळण्याच्या चिठ्ठ्या वाटल्या जात होत्या. पुढे पोस्ट कंपनीनं आपल्या ग्रेप-नट्सवर एक सेंट सूट द्यायला सुरुवात केली, आणि १९३० च्या मंदीत तर कूपन घराघरांत गेलं. म्हणजे अमेरिकेतल्या बायका चार-पाच पिढ्या हे करत आल्यात. तू काही जगावेगळं करत नाहीयेस.

पण कंपनीचा दुसरा हेतूही विसरू नकोस. तू कधीच न घेतलेली वस्तू तुझ्या घरात शिरावी, एकदा शिरली की तिथेच मुक्कामाला राहावी, यासाठीही कूपन असतं. म्हणून माझं पहिलं आणि खरं तर एकच सांगणं आहे: आधी यादी, मग कूपन. यादीत जे आहे त्याचं कूपन शोधायचं. कूपन दिसलं म्हणून यादीत ओळ वाढवायची नाही. बाकी मी जे काही सांगणार आहे, ते सगळं याच्या आधारानं.

आता तुझी यादी समोर घे. तूरडाळ, मूगडाळ, आंबेमोहोर, कणीक, पोहे, रवा, गूळ, शेंगदाणे, गोडा मसाला. यातल्या कशालाही कूपन मिळायचं नाही, उगाच शोधत बसू नकोस. ही खरेदी ओक ट्री रोडवरच्या आपल्या दुकानांतून व्हायची, आणि तिथे आठवड्याचा फ्लायर बघणं एवढीच युक्ती. या आठवड्यात एका दुकानात डाळ उतरलेली असते, पुढच्या आठवड्यात दुसऱ्यात. ताजी भाजी, फळं, दूध यांनाही कूपन क्वचितच. ती ज्या आठवड्यात जी स्वस्त, ती घ्यायची.

मग कूपन कशाला? तर कपडे धुण्याचं लिक्विड, भांड्यांचा साबण, शांपू, टूथपेस्ट, दाढीचं सामान, पेपर टॉवेल, सॅनिटरी पॅड, डोकेदुखीच्या गोळ्या, सीरिअल, डब्यातलं दही, चीज, आणि उद्या घरात बाळ आलं तर डायपर. बघ, आपल्या मराठी घरात कूपनाची खरी जागा स्वयंपाकघरात कमी आणि न्हाणीघरात जास्त. अमेरिकन घरात निम्मी गाडी डबाबंद आणि पाकीटबंद मालानं भरते, म्हणून त्यांची बचत डोळ्यांत भरते. तुझी तेवढी होणार नाही, आणि झाली तर समजावं की घरात वरण-भाताऐवजी पाकिटं शिजायला लागलीत.

कूपनाच्या दोन जाती ओळखायला शीक. एक उत्पादकाचं. त्यावर मॅन्युफॅक्चरर कूपन असं छापलेलं असतं. ते बहुतेक दुकानांत चालतं, कारण दुकानाचं त्यात काही जात नाही. दुकान तुला सूट देतं, नंतर ती रक्कम आणि वर हाताळणीचे काही सेंट कंपनीकडून वसूल करतं. दुसरं दुकानाचं स्वतःचं कूपन. ते त्याच दुकानात चालायचं. मजा अशी की बऱ्याच दुकानांत एकाच वस्तूवर एक उत्पादकाचं आणि एक दुकानाचं, अशी दोन्ही लावता येतात. याला इथल्या बायका स्टॅकिंग म्हणतात. टार्गेटमध्ये हे चालतं. पण एकाच बाटलीवर उत्पादकाची दोन कूपनं, एक कागदी आणि एक फोनवरचं, असं चालत नाही. आणि वस्तू आधीच सेलमध्ये असली तरी कूपन चालतं. सेल आणि कूपन एकत्र आले की खरा फायदा. नुसत्या कूपनावर, पूर्ण भावाला, वस्तू सहसा उचलू नकोस.

पूर्वी रविवारच्या वर्तमानपत्रात कूपनांच्या जाडजूड पुरवण्या यायच्या. बायका डायनिंग टेबलवर कात्री घेऊन बसायच्या आणि कप्प्याकप्प्यांच्या पाकिटात कूपनं लावून ठेवायच्या. आता त्या पुरवण्या रोडावल्यात, आणि बहुतेक सगळं फोनवर आलंय. दुकानाचं ॲप उतरवायचं, खातं उघडायचं, कूपनाखालच्या बटणावर बोट ठेवलं की ते क्लिप होतं. काउंटरवर फोन नंबर टाकला की आपोआप वजा होतं. क्लिप केलं नाहीस तर मात्र नाही, भले शेल्फवर मोठ्या पिवळ्या अक्षरांत भाव लिहिलेला असो. त्या पाटीवर बारीक अक्षरांत 'डिजिटल कूपनसह' असं असतं, आणि तिथेच नव्या माणसाची फसगत होते. म्हणून क्लिपिंग घरीच, सोफ्यावर बसून करायचं. दुकानात नेटवर्क दगा देतं. आणि खातं एकाच नंबरावर ठेव, जावईबुवा एकटे दूध आणायला गेले तरी त्यांना तोच नंबर टाकायला सांग.

दुकान एकच निवड. सुरुवातीला सगळ्या दुकानांची ॲप उतरवून बसलीस तर आठ दिवसांत कंटाळशील आणि पेट्रोलातच पैसे घालवशील. तुझ्या घराजवळ शॉपराइट आहे, तिथूनच सुरुवात कर. ही दुकानं वेकफर्न नावाच्या सहकारी संस्थेची आहेत, आणि तिचं मुख्यालय तुझ्या शेजारीच, कीझबीला. वेगवेगळ्या मालकांनी एकत्र येऊन चालवलेला हा सहकार आहे, म्हणून एका शॉपराइटमध्ये जो नियम असतो तोच दुसऱ्यात असेल याची खात्री धरू नकोस. आपल्या दुकानाचा नियम कस्टमर सर्व्हिसच्या काउंटरवर एकदा विचारून घ्यायचा. प्राइस प्लस कार्ड फुकट मिळतं. ते काढलं नाहीस तर सेलचा भावही लागत नाही. कॉस्टकोत मात्र उत्पादकांची कूपनं चालत नाहीत. तिथे त्यांची स्वतःची सवलत असते, ती काउंटरवर आपोआप बसते. आल्डीतही तेच, कूपन नाही, पण मुळात भावच उतरलेले. म्हणून दूध, अंडी, लोणी यांचा आल्डीतला भाव माहीत असू दे. दुसरीकडचं कूपन खरंच स्वस्त पडतंय का, हे त्यावरून लगेच कळतं.

आता जरा कागद-पेन्सिल घे. एक हिशेब दाखवते, आकडे सोपे घेतलेत. नावाजलेल्या कंपनीचं कपडे धुण्याचं लिक्विड, बाटलीत ६४ धुणी, किंमत १२.९९ डॉलर. म्हणजे एका धुण्याला साधारण २० सेंट. शेजारीच दुकानाच्या स्वतःच्या नावाची बाटली, तीही ६४ धुण्यांची, ६.९९ ला. एका धुण्याला ११ सेंट. तुझ्याकडे नावाजलेल्या बाटलीचं दोन डॉलरचं कूपन आहे. लावलंस तर १०.९९, म्हणजे १७ सेंट. कूपन वापरूनही महागच! सेलचा आठवडा आला, बाटली ९.९९ ला आली, त्यावर कूपन, ७.९९. साडेबारा सेंट. अजूनही दुकानाची बाटली स्वस्त. मग एखाद्या आठवड्यात दुकानाचंही दोन डॉलरचं कूपन येतं. ९.९९ मधून दोन गेले, आणखी दोन गेले, उरले ५.९९. आता एका धुण्याला साडेनऊ सेंटच्या आत. हा आठवडा गाठायचा आणि दोन बाटल्या आणून ठेवायच्या. तोवर दुकानाच्या नावाची बाटली वापरलीस तर कपडे काही मळके राहत नाहीत.

यात टॅक्सचीही एक गंमत आहे. न्यू जर्सीत सेल्स टॅक्स ६.६२५ टक्के. बहुतेक खाण्याच्या जिनसांवर तो नाही, पण सोडा आणि कँडीवर आहे. टॉयलेट पेपर, पेपर टॉवेल यांवर नाही, पण डिटर्जंट आणि शांपूवर आहे. दुकानाचं कूपन लावलं तर कमी झालेल्या किमतीवर टॅक्स बसतो. उत्पादकाचं लावलं तर ते दोन डॉलर दुकानाला कंपनीकडून मिळणारच असतात, म्हणून टॅक्स त्या दोन डॉलरांवरही बसतो. वरच्या बाटलीला ५.९९ देताना टॅक्स ७.९९ वर लागेल, ५३ सेंट. पावती बघून गोंधळू नकोस, दुकानाची चूक नसते ती.

एका धुण्याचा भाव काढायला दरवेळी आकडेमोड करायची गरज नाही. शेल्फवरच्या पट्टीवर किमतीच्या बाजूला बारीक अक्षरांत युनिट प्राइस असते, म्हणजे औंसाला, पौंडाला किंवा शंभर नगांना किती. न्यू जर्सीत मोठ्या दुकानांना ती लावावीच लागते. तिकडे आधी बघायची सवय लावून घे. एक औंस सुमारे २८ ग्रॅम, सोळा औंसांचा पौंड, एवढं पाठ कर. फक्त शेजारशेजारच्या पट्ट्यांवर माप वेगळं नाही ना, हे पाहा. एकीवर औंसाचा भाव, दुसरीवर पौंडाचा, असं असलं की डोळे फसतात. आणि मोठा डबा नेहमीच स्वस्त, असंही नाही. कूपन बऱ्याचदा लहान आकारालाही चालतं. एक डॉलरची सूट दोन डॉलरच्या टूथपेस्टवर निम्मी किंमत उडवते, पाच डॉलरच्या मोठ्या खोक्यावर पाचवा हिस्साच.

कूपनावरचा बारीक मजकूर वाचल्याशिवाय गाडी ढकलू नकोस. कुठला आकार, कुठला वास, किती नग, सगळं लिहिलेलं असतं. चित्रात महागातली वस्तू छापलेली असते, पण मजकुरात 'कुठलीही' असेल तर स्वस्तातली घेतलीस तरी चालते. 'वन पर पर्चेस' म्हणजे एका नगाला एक, चार नग घेतलेस तर चार कूपनं चालतील. 'वन पर ट्रान्झॅक्शन' म्हणजे अख्ख्या बिलाला एकच. या दोन शब्दांवरून काउंटरवर सगळ्यात जास्त हुज्जत होते. 'टेन फॉर टेन डॉलर्स' अशी पाटी दिसली की दहा घ्यायलाच हवेत असं वाटतं. बहुतेक दुकानांत एक घेतलं तरी डॉलरलाच मिळतं, 'मस्ट बाय' लिहिलं असेल तरच तेवढे घ्यावे लागतात. आणि तारीख! इथे महिना आधी, दिवस नंतर. ०४/०५ म्हणजे पाच एप्रिल. तू ती चार मे समजून निवांत बसशील आणि कूपन केव्हाच मेलेलं असेल. कागदी कूपनाच्या तळाशी रोख किंमत एका सेंटचा शंभरावा भाग, असंही छापलेलं दिसेल. काही राज्यांच्या जुन्या कायद्यांमुळे लिहावं लागतं ते. तुझ्या कामाचं काही नाही त्यात, पण विचारशील म्हणून सांगून ठेवलं.

काउंटरवर कसं वागायचं? सोपं आहे. सुरुवातीला सेल्फ चेकआउटला जाऊ नकोस. तिथे कागदी कूपन अडकलं की लाल दिवा लागतो आणि सगळे बघतात. माणूस असलेल्या रांगेत जा, तीही गर्दी नसताना. आधीच हसून सांग की माझ्याकडे कूपनं आहेत. फोन नंबर टाक, मग कागदी कूपनं दे. माल स्कॅन होत असताना पडद्यावर नजर ठेव. एखादं लागलं नाही तर शांतपणे विचार, मॅनेजरला बोलवतील. तिथे वाद घालून एक डॉलर मिळवण्यापेक्षा ती वस्तू बाजूला काढून ठेवणं बरं. आणि दाराबाहेर पडायच्या आधी कोपऱ्यात उभं राहून पावती वाच. सेलचा भाव न लागणं इथेही घडतं, आणि कस्टमर सर्व्हिसला दाखवलं की फरक परत देतात. घरी गेल्यावर दीड डॉलरसाठी पुन्हा कोण येतंय?

जाहिरातीतली वस्तू शेल्फवर संपलेली असेल तर रेन चेक माग. दुकान एक चिठ्ठी देतं, माल आला की नंतर त्याच सेलच्या भावात घेता येतो. प्रत्येक ठिकाणी देतीलच असं नाही, 'मर्यादित साठा' असं छापलं असेल तर नाहीच. पण विचारायला काय जातं? फक्त तोवर कूपनाची मुदत टळणार नाही, हे बघ.

सीव्हीएससारख्या औषधांच्या दुकानांचं तंत्र निराळं. तिथली पावती हातभर लांब का असते, ते कळेल तुला. खाली एक्स्ट्राबक्स छापून येतात, म्हणजे आज घेतलंस की पुढच्या खरेदीला तेवढी सूट. टूथपेस्ट, शांपू, पॅड यांना ही दुकानं कधीकधी फार स्वस्त पडतात, पण त्यांचा मूळ भाव चढा असतो आणि मिळालेली सूट त्याच दुकानात, मुदतीच्या आत वापरायची असते. ती वापरायला म्हणून गेलीस आणि वीस डॉलरचं सटरफटर घेऊन आलीस, की दुकान जिंकलं. या वाटेला दोन-तीन महिन्यांनी जा, आत्ता नको.

वर्षाचं चक्रही हळूहळू अंगवळणी पडेल. जानेवारीत डाएटच्या वस्तू आणि शॉपराइटचा कॅन कॅन सेल, म्हणजे डबाबंद टोमॅटो, राजमा, चणे. फेब्रुवारीत सुपर बोलच्या आधी चिप्स आणि सोडा. ऑगस्टमध्ये वह्या-पेन्सिली. आणि नोव्हेंबरचा चौथा गुरुवार म्हणजे थँक्सगिव्हिंग, त्याच्या आधी मैदा, साखर आणि बटर. हे बटर आपल्या कामाचं. या दिवसांत दुकानं ग्राहक खेचायला बटर अगदी उतरवतात, दुकानाच्या नावाच्या बटरला बहुतेक वेळा डिजिटल कूपनही असतं, एका खात्याला ठरावीक पाकिटं. मीठ नसलेलं बघून घे, पाकिटावर अनसॉल्टेड लिहिलेलं असतं. एक पौंडाचं पाकीट, आत चार कांड्या, ४५४ ग्रॅम. त्याचं जेमतेम साडेतीनशे ग्रॅम तूप होतं. जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ठेव, वरचा फेस बसला, तळाशी बेरी बदामी झाली की आच बंद. एकदा घरी कढवलंस की तुपाची बरणी विकत घ्यायला हात उचलणार नाही, भावात दोन्हींत केवढा फरक पडतो ते तूच काढून बघ. उरलेली पाकिटं फ्रीझरमध्ये टाक, संक्रांतीच्या गुळपोळ्यांना तूप कमी पडायचं नाही.

साठवणुकीला मात्र लगाम हवा. २०११ मध्ये टीएलसी वाहिनीवर 'एक्स्ट्रीम कूपनिंग' नावाची मालिका सुरू झाली होती. शेकडो डॉलरची गाडी भरून चार-पाच डॉलर देऊन बाहेर पडणाऱ्या बायका, आणि घरात तळघरभर टूथपेस्ट नि मोहरीच्या बाटल्या. कुणीतरी तुला ते दाखवेल, बघ आणि सोडून दे. त्यानंतर दुकानांनी मर्यादाही कडक केल्या. तुझं दोन खोल्यांचं अपार्टमेंट. पुढचा सेल येईपर्यंत पुरेल एवढंच आण, साधारण दोन-तीन महिन्यांचं. टिकाऊ मालाचीच साठवण करायची. दही, चीज, ब्रेड यांच्यावर कितीही मोठं कूपन असो, फ्रिजमध्ये बुरशी आली की गेले सगळे पैसे. डायपरचंही तेच. बाळ एका मापात फार दिवस राहत नाही. लहान मापाचे ढीग घेऊन ठेवणाऱ्या आया नंतर ते मैत्रिणींना वाटत फिरतात.

पावती स्कॅन केली की पैसे परत देणारी ॲप आहेत, आयबोटा, फेच वगैरे. कूपन लावून झाल्यावर त्याच वस्तूवर आणखी थोडं सुटतं, तेव्हा वाईट नाहीत. पण त्यांना तू काय खातेस, कुठून घेतेस, हे सगळं कळतं, आणि त्याचेच ते तुला पैसे देतायत. पटत असेल तर वापर. या सगळ्या खात्यांसाठी एक वेगळा ईमेल उघड, म्हणजे व्हिसाची पत्रं आणि शांपूच्या जाहिराती एका ठिकाणी यायच्या नाहीत.

आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर फिरणाऱ्या 'शंभर डॉलरचं कूपन फुकट' असल्या लिंकवर बोट ठेवू नकोस. खरं कूपन कधी कार्डचा नंबर मागत नाही, सोशल सिक्युरिटी तर मुळीच नाही. कूपनाची झेरॉक्स काढून वापरणं हाही इथे गुन्हा आहे. कुणी मैत्रीण सहज देते म्हणाली तरी घेऊ नकोस. आपण परक्या देशात, परवान्यावर राहतोय. दोन डॉलरसाठी असली बिलामत नको.

तर पहिला महिना असा घालव. पहिल्या आठवड्यात काही करूच नकोस, नुसत्या पावत्या जमव. आठवड्याच्या शेवटी त्यातल्या नेहमी लागणाऱ्या दहा-बारा वस्तू वहीत उतरव, समोर तू दिलेला भाव आणि युनिट प्राइस. ही तुझी भावाची वही, सगळ्या ॲपांपेक्षा मोलाची. दुसऱ्या आठवड्यात शॉपराइटचं कार्ड आणि ॲप. दुकानात जायच्या आदल्या रात्री यादी कर, मग फक्त यादीतल्याच वस्तूंची कूपनं क्लिप कर. पंधरा-वीस मिनिटांच्या वर लागली तर तू भटकायला लागलीयस, फोन खाली ठेव. तिसऱ्या आणि चौथ्या आठवड्यात तेच, फक्त एकदा स्टॅकिंग जमतंय का बघ. एवढं पुष्कळ झालं.

पावतीच्या तळाशी ठळक अक्षरांत तू इतके डॉलर वाचवलेस असं येईल. त्यावर भाळू नकोस. तो आकडा दुकानानं लावलेल्या मूळ भावातून काढलेला असतो. ऐंशी डॉलरच्या गरजेसाठी गेलेली बाई एकशेवीस खर्चून येते आणि साठ वाचवले म्हणून खूश होते, हे मी कितीदा पाहिलंय. खरी बचत एकच: मागच्या महिन्यात दुकानांत किती गेले आणि या महिन्यात किती. फरक दिसला की तेवढे पैसे त्याच दिवशी बचत खात्यात टाक, नाहीतर ते कुठे जातात कळत नाही. चाळीस-चाळीस करत वर्षअखेरीला पाचशेच्या आसपास जमले, तर तुमच्या भारताच्या तिकिटाला बऱ्यापैकी हातभार लागेल. महिना संपला की मला फोन कर आणि तोच आकडा सांग, कूपनं किती वापरलीस ते नको.

आणि निघताना गाडीत कापडी पिशव्या टाक. २०२२ पासून न्यू जर्सीतली मोठी किराणा दुकानं प्लॅस्टिकची तर सोडच, कागदाचीही पिशवी देत नाहीत. दरवेळी तिथे नवी पिशवी विकत घेत बसलीस, तर कूपनानं दिलेला डॉलर दारातच परत जाईल.